गुंटूर : मिरचीची पेठ व तेथील ख्रिस्तसभा

उन्हाळा लागला कीं आपल्या धर्मग्रामांतील घराघरांतून मसाल्याची लगबग सुरू होते. अंगणांत चटयांवर मिरच्या पसरल्या जातात, भाजणीचा ठसका शेजारच्या आळीपर्यंत पोंचतो, आणि पहिल्या पावसापूर्वीं वर्षाचा मसाला बाटल्यांत ठासून भरला जातो. बाजारांत आपल्या मायबहिणी काश्मिरी, ब्याडगी, संकेश्वरी अशा जाती नांवानें मागून घेतात. तिखटपणासाठीं मात्र दुकानदारास "थोडी गुंटूर घाला" असें सांगतात. हें गुंटूर कोठें आहे, तेथें कोण राहतात, त्यांचें आपलें कांहीं नातें आहे काय, असें सहसा कोणी विचारीत नाहीं. आपल्या देवळाचा इतिहास ह्या जुबिलीच्या स्मरणिकेंत इतरत्र आलाच आहे. म्हणून आम्हीं ह्या चार पानांत त्या दूरच्या गांवाची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे.

गुंटूर हें शहर आंध्र प्रदेशांत, कृष्णा नदीच्या दक्षिणेस, काळ्या जमिनीच्या मुलुखांत वसलेलें आहे. जी कृष्णा आपल्या महाबळेश्वरीं उगम पावते, वाईवरून व सांगलीवरून वाहते, तीच तेथें समुद्रास मिळण्याच्या बेतांत असते. गांवाचें जुनें संस्कृत नांव गर्तपुरी. नगरपालिका १८६६ सालीं स्थापन झाली, आणि २०११ च्या खानेसुमारींत वस्ती सुमारें साडेसहा लाख भरली. मुंबई किंवा हैदराबाद यांच्यापुढें हें गांव लहानच. पण मिरचीच्या व्यापारांत त्याच्या तोडीची पेठ उभ्या आशिया खंडांत क्वचितच सांपडेल.

मिरची ही मूळची आपल्या देशाची नव्हे. अमेरिका खंडांतून ती पोर्तुगीज लोकांनीं सोळाव्या शतकांत गोव्यास आणिली, व तेथून ती दख्खनभर पसरली. मुंबईकडे तिला एके काळीं 'गोवई मिरची' म्हणत असत. ज्या गलबतांच्या वाटेनें आपल्या पूर्वजांकडे पाद्री आले, त्याच वाटेनें मिरचीही आली, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. आणि दोहोंपैकीं मिरचीचा स्वीकार लोकांनीं अधिक तत्परतेनें केला, हेंही कबूल केलें पाहिजे.

गुंटूरकडे पावसाळ्यांत रोपें तयार करून भाद्रपदाच्या सुमारास लावणी होते. नाताळानंतर तोडणीस प्रारंभ होतो, व खळ्यावर वाळलेला माल माघ-फाल्गुनापासून बाजाराच्या आवारांत येऊं लागतो. त्या दिवसांत आवारांत शिरलेला मनुष्य नाकास फडकें बांधल्यावांचून दहा पावलें चालूं शकत नाहीं. चाळीस-पंचेचाळीस किलोंच्या पोत्यांच्या थप्प्या, त्यांच्यामधून वाट काढणारे हमाल, आणि फोडलेल्या पोत्यांतील मूठभर मिरची तळहातावर घेऊन रंग, ओल व देंठ पाहणारे व्यापारी, असें तें दृश्य असतें. 'सन्नम' जातीची मिरची जुनी व नामांकित. 'तेजा' ही अधिक जहाल, आणि तिला परदेशांतून मोठी मागणी असते. जो माल लागलीच विकला जात नाहीं तो शहराभोंवतालच्या शीतगृहांत ठेवतात, व भाव चढण्याची वाट पाहतात. वाट पाहण्याची ही ऐपत मात्र सर्वांस नसते. खंडानें जमीन कसणारा कूळ व्यापाऱ्याच्या उचलीवर बीं-खत घेतो, आणि पीक हातीं येतांच पडेल त्या भावानें त्याच व्यापाऱ्यास देतो. २०२१-२२ सालीं काळ्या फुलकिड्यानें उभीं पिकें करपून गेलीं तेव्हां पहिला घाव ह्याच मनुष्यावर पडला. त्याच्याही खालीं जी बाई दिवसभर उन्हांत वाकून किलोच्या हिशेबानें तोडणी करिते, तिच्या हातांची आग रात्रीं शमत नाहीं.

ह्या पेठेचें वैभव फार जुनें नाहीं. इंग्रजांकडे हा प्रांत १७८८ सालीं आला, आणि त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आंतच, १८३२-३३ सालीं, येथें असा भयंकर दुष्काळ पडला कीं त्याची आठवण 'गुंटूरचा दुष्काळ' ह्या नांवानेंच इतिहासांत राहिली. जिल्ह्यांतील निदान तिसरा हिस्सा माणसें त्यांत गेलीं असें हिशेब सांगतात. कृष्णा जवळून भरून वाहत होती व तिच्या कांठीं माणसें अन्नावांचून मरत होतीं, ही गोष्ट पुढें सर आर्थर कॉटन यांच्यासारख्या इंजिनियरांनीं सरकारच्या गळीं उतरविली, तेव्हां बेझवाड्याजवळ १८५२ ते १८५५ ह्या अवधींत नदीस बंधारा पडला. त्यानें समुद्राकडील तालुके भाताचे झाले. पश्चिमेकडील कोरडा भाग मात्र नागार्जुनसागराचे कालवे १९६७ सालीं वाहूं लागेपर्यंत आकाशाकडेच पाहत राहिला. मध्यंतरीं व्हर्जिनिया तंबाखूनें शहरास पैसा दिला; सरकारी तंबाखू मंडळाची कचेरी १९७६ पासून येथें आहे. कापसानें दिलें तसें घेतलेंही. १९८७ च्या सुमारास पांढऱ्या माशीनें ह्या भागांतील कापूस बुडाला व कर्जबाजारी शेतकऱ्यांनीं जीव दिले. विदर्भाचें दुःख ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्याचें अधिक वर्णन नको.

आतां ख्रिस्तसभेकडे वळूं. अठराव्या शतकाच्या आरंभीं पाँडिचेरीहून निघालेल्या फ्रेंच येशूसंघीय पाद्र्यांनीं तेलुगु मुलुखांत 'कर्नाटिक मिशन' चालविलें. त्या मिशनांतील कांहीं रेड्डी कुटुंबें पुढें रायलसीमेंतून पूर्वेकडे येऊन गुंटूरच्या परिसरांत राहिलीं. नरसरावपेटच्या वाटेवरील फिरंगीपुरम हें त्यांचें मुख्य ठाणें. १७७३ सालीं येशूसंघ बंद करण्यांत आला आणि हीं कुटुंबें जवळजवळ पोरकीं झालीं. पाद्री वर्षानुवर्षें दिसत नसतांही त्यांनीं प्रार्थना सोडल्या नाहींत. पोर्तुगीज सत्ता गेल्यानंतरच्या काळांत आपल्याकडील वाडवडिलांनीं जी चिकाटी दाखविली तिचीच ही बहीण होय. १८७५ च्या सुमारास मिल हिलचे पाद्री ह्या भागांत येऊं लागले, व मग कामास वेग आला. लूथरपंथी बांधवांचे पाद्री हायर हे तर १८४२ सालींच गुंटूरांत उतरले होते. शाळांच्या बाबतींत ते आमच्या पुष्कळ पुढें होते, हें सांगण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं. गुंटूरचा स्वतंत्र धर्मप्रांत १९४० सालीं झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस पोताकमूरी हे दोन वर्षांनीं बंगळूरास गेले व पुढें तेथील आर्चबिशप झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जे लोक हजारोंनीं ख्रिस्ती झाले ते बहुतेक माला व मादिगा ह्या, गांवकुसाबाहेर टाकलेल्या जातींचे. म्हणजे एकाच वेदीपुढें जमीनदार रेड्डी आणि त्याच्या शेतांत राबणारा मादिगा गुडघे टेकूं लागले. वेदीपाशीं झालेली ही बरोबरी घरीं, विवाहांत व कबरस्तानांत टिकली काय? प्रामाणिकपणें उत्तर द्यावयाचें तर पुष्कळ ठिकाणीं टिकली नाहीं. ह्यावरून तेलुगु बांधवांस दोष देण्यापूर्वीं आपण आपल्या कुपारी, वाडवळ, कोळी ह्या भेदांकडे, आणि नगर जिल्ह्यांतील आपल्याच धर्मबंधूंकडे आपण कोणत्या नजरेनें पाहत आलों त्याकडे एकवार पाहावें. राज्याचा कायदाही ह्या लोकांच्या बाजूस आला नाहीं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या. १९५६ सालीं शिखांस व १९९० सालीं बौद्धांस त्या मिळाल्या, ख्रिस्ती दलित मात्र बाहेरच राहिले. प्रश्नाचा विचार करण्यास सरकारनें २०२२ सालीं एक आयोग नेमला. तोंवर कित्येक घरांनीं देवळांत एक नांव व सरकारी कागदांत दुसरें अशी तोड काढली होती. त्यांस आम्ही लबाड म्हणणार नाहीं. ज्या जिल्ह्यांत ६ ऑगस्ट १९९१ रोजीं चुंडूर गांवीं आठ दलितांची कत्तल झाली, तेथें बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरून जात पुसली जाते असें मानणारा मनुष्य आम्हांस भेटावयाचा आहे. २०२२ च्या ऑगस्टांत हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले, तेव्हां त्या वस्त्यांतून जो आनंद झाला त्याचें कारण ह्या पार्श्वभूमीवरच समजतें.

गुंटूरच्या ख्रिस्तसभेंत जिच्यासाठीं आम्हीं हा लेख हातीं घेतला ती व्यक्ती तेलुगु नव्हती. मेरी ग्लाउरी हिचा जन्म १८८७ सालीं ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत झाला. मेलबर्न विद्यापीठांतून ती १९१० सालीं डॉक्टर झाली, त्या शहरांतील नेत्र व कर्णरोगांच्या इस्पितळांत तिनें काम केलें, आणि तिचा जम उत्तम बसत चालला होता. १९१५ सालीं तिच्या हातीं एक छोटी पुस्तिका पडली. स्कॉटलंडच्या डॉ. ॲग्नेस मॅकलॅरन यांच्या कार्याची हकीकत तींत होती. हिंदुस्थानांतील पडदानशीन स्त्रिया पुरुष वैद्याकडे जात नाहींत, आणि स्त्री-डॉक्टर नसल्यामुळें त्या व त्यांचीं बालकें मरतात, हें वाचून मेरीचा निश्चय झाला.

अडचण मात्र मोठी होती. धर्मभगिनींनीं वैद्यकीचा धंदा करूं नये, विशेषतः प्रसूतीचें काम करूं नये, असा त्या काळीं ख्रिस्तसभेचा दंडक होता. मॅकलॅरनबाईंनीं रोमकडे पुनःपुन्हां अर्ज केले व १९१३ सालीं त्या उत्तराची वाट पाहतांच निवर्तल्या. नियम करणारांचा हेतु वाईट नव्हता. पण बाळंतिणीच्या खाटेपासून तो हेतु फार दूर होता. मेरी १९२० च्या फेब्रुवारींत गुंटूरास पोंचली. तेथें येशू-मरिया-योसेफ संघाच्या डच भगिनी १९०४ पासून सेवा करीत होत्या. त्या संघांत ती दाखल झाली, आणि पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनीं तिला धर्मभगिनी असूनही वैद्यकी करण्याची खास परवानगी दिली. सर्व भगिनींसाठीं हें द्वार १९३६ सालीं उघडलें; तोंवर सोळा वर्षें ती त्या मोकळिकीवरच काम करीत राहिली.

एका लहानशा दवाखान्याचें तिनें सेंट जोसेफ इस्पितळ केलें. गांवोगांवीं ती स्वतः जाई. तेलुगु मुलींस औषधें बनविण्याचें, सुइणीचें व शुश्रूषेचें शिक्षण देई. देशी वनस्पतींचे गुण जाणून घेई. एकटीनें हें काम पुरें पडणार नाहीं हें ओळखून तिनें १९४३ सालीं देशभरच्या कॅथोलिक इस्पितळांचा संघ स्थापन केला, आणि ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाची कल्पना धर्मगुरूंपुढें मांडली. शेवटचीं वर्षें तिनें कर्करोगाच्या वेदनांत काढलीं. ५ मे १९५७ रोजीं बंगळूरास तिचा अंत झाला, व २०१३ सालीं ख्रिस्तसभेनें तिला 'देवाची सेविका' म्हणून घोषित केलें. तिनें पाहिलेलें महाविद्यालय, सेंट जॉन्स, बंगळूरांत १९६३ सालीं सुरू झालें.