मुंबईचा श्वानदंगा आणि त्यानंतर

इ. स. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत जो दंगा झाला, त्याच्या मुळाशी धान्याची टंचाई नव्हती, नवा कर नव्हता, की दोन जमातींचे हाडवैरही नव्हते. त्याच्या मुळाशी होती रस्त्यावरची बेवारशी कुत्री. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत या दंग्याला क्वचितच जागा मिळते. परंतु नगरपालिका, न्यायालये आणि नागरिक यांच्यात जो वाद पुढे जवळजवळ दोन शतके चालला, त्याचा पहिला पुकारा याच दंग्यात झाला.

पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भीतीने कंपनी सरकारने उन्हाळ्याच्या ठराविक मुदतीत बेवारशी कुत्री मारण्याचा नियम केला होता, आणि मारणाऱ्यास दर कुत्र्यामागे बक्षीस मिळत असे. बक्षीस आले की लोभ आला, आणि लोभ आला की पिसाळलेले कोणते व पाळलेले कोणते हा विवेक सुटला. १८३२ साली ही मुदत वाढविण्यात आली. मारेकरी लोकांच्या दारांत शिरू लागले. ६ जूनला पारशांच्या जमावाने त्यांच्यावर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला, लष्कराकडे जाणारी रसद अडविली गेली आणि हिंदू व मुसलमान व्यापारीही या बंदात सामील झाले. अखेर सैन्य बोलवावे लागले.

पारशी समाज एवढा का खवळावा, हे त्याच्या धर्माचाराकडे पाहिले म्हणजे उमगते. ‘सगदीद’ या विधीत मृताच्या देहावर श्वानाची दृष्टी पडावी लागते. असा प्राणी त्या समाजास केवळ राखणदार नव्हे. आपल्याकडेही श्रीदत्ताच्या पायांशी चार श्वान आहेत, खंडोबाच्या परिवारात कुत्र्याला मान आहे, आणि भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर घराघरांत ठाऊक आहेत. मात्र त्याच घरांत ‘कुत्र्याची मौत’ ही शिवीही वापरात आहे. आमचा समाज कुत्र्यास पूजितो आणि दगडही मारतो. या दुटप्पी वृत्तीचे प्रतिबिंब पुढे आमच्या कायद्यांतही उमटले.

दंगा शमल्यावर शहरातील प्रतिष्ठितांनी सरकारकडे अर्ज केला. कुत्री मारू नयेत, ती शहराबाहेर न्यावीत, अशी त्यांची मागणी होती. १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई व शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ स्थापन झाला. दया थोर होती, यात शंका नाही. पण ज्या उकिरड्यावर कुत्री पोसली जात, तो उकिरडा जागच्या जागीच राहिला. एक कुत्रे उचलावे, त्याच्या मोकळ्या हद्दीत शेजारचे शिरावे, आणि वर्षभरात पिल्लांनी गल्ली पुन्हा भरावी, हा क्रम मारूनही थांबला नाही व हलवूनही थांबला नाही.

यानंतरचा खरा पालट शास्त्राने घडविला. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास पहिली लस टोचली. १९०० साली कसौली येथे पाश्चर संस्था निघाली, आणि तेथेच डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस सिद्ध केली. ‘पोटातली चौदा इंजेक्शने’ हा शब्दप्रयोग जुन्या पिढीच्या कानांत अजून घुमत असेल. ती याच जातीच्या लसीची. २००४ च्या अखेरीस तिचा वापर भारतात बंद झाला आणि पेशीसंवर्धनाच्या अधिक निर्धोक लसी तिच्या जागी आल्या. तथापि माणसास चावल्यानंतर टोचणे हा अर्धाच उपाय होय. रोगाची लक्षणे एकदा प्रकट झाली की मृत्यू प्रायः अटळ. म्हणून रोग अडवायचा तो कुत्र्यातच अडविला पाहिजे.

कायद्याची गती शास्त्राहून मंद असते. राज्यसभेत श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५३ साली मांडलेल्या विधेयकामुळे प्रश्नास चालना मिळाली आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम झाला. परंतु त्याच्याच अकराव्या कलमात मोकाट कुत्र्यांच्या विनाशास अपवाद म्हणून मोकळीक ठेवलेली आहे. मद्रासच्या ‘ब्लू क्रॉस’ने १९६४ पासून निराळा मार्ग धरला : कुत्रे पकडावे, त्याची नसबंदी करावी, त्यास लस टोचावी आणि जेथून उचलले तेथेच सोडावे. त्या नगराच्या महापालिकेस हे पटण्यास १९९६ साल उजाडले. २००१ साली केंद्र सरकारने हीच पद्धत नियमबद्ध केली. २०२३ साली त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली.

येथे गोव्याचा संबंध येतो, आणि तो दुहेरी आहे. गोव्यातून निघालेल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००८ साली बहुमताने स्थानिक संस्थांचा उपद्रवी कुत्री मारण्याचा अधिकार उचलून धरला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. हा वाद न्यायालयांत चालू असताना गोव्याच्या वाड्यावाड्यांतून जाळी घेतलेली पथके हिंडू लागली. २०१३ ते २०१९ या काळात त्यांनी ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस टोचली आणि शेकडा ७० हे आवश्यक प्रमाण गाठले. वर्षाकाठी दीड लाख मुलांना सावधगिरीचे पाठ दिले. कुत्र्यांतील रोगाचे मासिक प्रमाण शेकडा ९२ ने घटले आणि त्या काळाच्या अखेरीस मनुष्यांचे बळी थांबले. वकिलांच्या युक्तिवादांनी जे साधले नाही, ते जाळे आणि सुई यांनी साधले, असे या व्यवसायातील मनुष्यास म्हणावे लागते.

लस आणि नसबंदी या दोन गोष्टी एक नव्हेत, हेही येथे सांगितले पाहिजे. लस रोग थोपविते, नसबंदी संख्या थोपविते. रोग थांबला तरी चाव्याची जखम राहतेच. पहाटे शाळेस निघालेल्या मुलाच्या मागे टोळी लागते तेव्हा त्याच्या आईला लसीची टक्केवारी सांगून भागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नसबंदी व लस झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, मात्र पिसाळलेली वा हिंस्र सोडू नयेत असे ठरविले; त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात शाळा व रुग्णालये यांसारख्या आवारांतून उचललेली कुत्री तेथे परत सोडण्यास मनाई केली. या आदेशांवर टीका दोन्ही बाजूंनी झाली. परंतु मुलाचा जीव आणि मुक्या प्राण्याचा जीव यांत एकाची निवड करा, असा हा प्रश्न नाहीच. तो तसा होतो, तो नगरसंस्थेने कचरा उचललेला नसतो, शस्त्रक्रियेची सोय केलेली नसते आणि लसीकरण अर्ध्यावर सोडलेले असते, तेव्हा.

१८३२ च्या मुंबईने बक्षीस देऊन मारेकरी नेमले आणि दंगा पदरात घेतला. १८३४ च्या मुंबईने दया केली, पण संख्येचा विचार केला नाही. दयेस व्यवस्थेची जोड मिळाली की काय होते, हे गोव्याच्या सहा वर्षांनी दाखविले आहे. दरवर्षी नवी पिल्ले जन्मतात. म्हणून हे काम एकदा करून संपत नाही, दरवर्षी करावे लागते. ज्या नगरास एवढी चिकाटी नसेल, त्याच्या वाट्यास दंगा तरी येईल, नाही तर एखाद्या अजाण लेकराचा बळी.