'पर्यावरण'चा पेपर आला कुठून?

डिग्रीला असताना 'पर्यावरण'चा पेपर दिला नाही असा माणूस आपल्या पिढीत सापडणं कठीण. इंजिनिअरिंग असो, बी.कॉम. असो नाहीतर बी.ए., कुठल्या ना कुठल्या वर्षी तो गाठतोच. त्याचा अभ्यास कसा होतो हेही सगळ्यांना ठाऊक आहे. आदल्या रात्री सीनिअरकडून आलेल्या झेरॉक्स, त्यात प्रदूषणाचे प्रकार, ओझोनचा थर, आणि कुठलाही प्रश्न आला तरी शेवटी चिकटवायला 'झाडे लावा, झाडे जगवा'. आमच्या कॉलेजात ज्या सरांचं वर्कलोड कमी भरत होतं त्यांच्या गळ्यात हा विषय पडला. सर मेकॅनिकलचे. ते बिचारे पुस्तकातून वाचून दाखवायचे आणि मागच्या बाकांवर दुसऱ्या विषयांची सबमिशन्स चालायची. प्रोजेक्ट म्हणजे नेटवरून उतरवलेली वीस पानं आणि स्पायरल बाइंडिंग.

पण हा पेपर मुळात आला कुठून? कुणा कुलगुरूंना एक दिवस वाटलं म्हणून? तसं काही नाही. तो आला थेट सुप्रीम कोर्टातून. आणि त्याची गोष्ट त्या झेरॉक्सपेक्षा बरीच रंजक आहे.

सुरुवात १९७२ पासून करू. त्या वर्षी जूनमध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणावरची परिषद झाली. इंदिरा गांधी स्वतः तिथे गेल्या होत्या. पुढे १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, ४२वी घटनादुरुस्ती आली. ती बदनाम आहे आणि ते योग्यही आहे, पण तिच्यात आपल्या विषयाच्या दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे नैसर्गिक पर्यावरणाचं रक्षण हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून घटनेत लिहिलं गेलं (कलम ५१ अ). दुसरी, शिक्षण हा विषय राज्यांच्या यादीतून उचलून समवर्ती यादीत टाकला गेला, म्हणजे त्यावर केंद्रालाही कायदा करता येऊ लागला. त्या वेळी कुणी ह्या दोन गोष्टी एकत्र जोडून पाहिल्या असतील असं वाटत नाही. पंधरा वर्षांनी त्या जोडल्या गेल्या.

दरम्यान १९७७ च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या सोव्हिएत जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात युनेस्को आणि 'युनेप'ची पर्यावरण शिक्षणावर परिषद झाली. तिचा निष्कर्ष थोडक्यात असा, की पर्यावरण शिक्षण आयुष्यभर चालणारं हवं, शाळेत आणि शाळेबाहेरही हवं, आणि ते सगळ्या विषयांतून झिरपत यायला हवं. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग आलं १९८४ चं भोपाळ. २ आणि ३ डिसेंबरच्या मधली ती रात्र सगळ्यांना माहीत आहे. बरोबर वर्षभराने, ४ डिसेंबर १९८५ ला, दिल्लीतल्या श्रीराम कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. ह्या कारखान्याविरुद्ध आधीच सुप्रीम कोर्टात गेलेला एक वकील होता, महेशचंद्र मेहता. जन्म जम्मूतल्या राजौरीचा, वकिली दिल्लीत. तुम्ही कायद्याचं एकही पान वाचलं नसेल तरी 'एम. सी. मेहता विरुद्ध भारत सरकार' हे नाव ह्याच पेपरच्या निमित्ताने डोळ्यांखालून गेलेलं असणार. ओलियम, गंगा, ताजमहाल, दिल्लीतल्या सीएनजी बसेस... ह्या सगळ्या खटल्यांत हाच माणूस आहे.

गंगेच्या खटल्यात जानेवारी १९८८ मध्ये कोर्टाने कानपूरच्या नगरपालिकेला झापलं आणि जाता जाता एक वेगळीच गोष्ट सांगितली. देशातल्या सगळ्या शाळांनी पहिल्या दहा इयत्तांत आठवड्यातून निदान एक तास पर्यावरणाबद्दल शिकवावं, त्यासाठी पुस्तकं लिहून घ्यावीत आणि फुकट वाटावीत. सांडपाण्याच्या निकालात पाठ्यपुस्तकांचा आदेश! कोर्टाच्या लक्षात आलं होतं की एकेक चामड्याचा कारखाना बंद करून नदी स्वच्छ होत नाही.

मेहतांनी हाच धागा पकडला आणि एक निराळी याचिका केली. ह्यात ना कारखाना होता ना नदी. मागणी एवढीच, की लोकांना पर्यावरणाबद्दल सांगा. निकाल लागला २२ नोव्हेंबर १९९१ ला. सरन्यायाधीश रंगनाथ मिश्रा दोनच दिवसांनी निवृत्त होणार होते. त्यांच्या खंडपीठाचं म्हणणं साधं होतं. लोकांना कळलंच नाही तर नुसत्या कायद्याने वागणूक बदलत नाही. मग आदेश आले. प्रत्येक सिनेमागृहाने दर खेळाला निदान दोन पर्यावरणाच्या स्लाइड्स फुकट दाखवाव्यात (तंबाखूच्या जाहिरातींचे थोरले भाऊच म्हणा). आकाशवाणी आणि दूरदर्शनने रोज पाच-सात मिनिटं द्यावीत. शाळांत पर्यावरण सक्तीचं करावं. आणि कॉलेजांसाठी यूजीसीने विद्यापीठांना अभ्यासक्रम आखायला लावावा, तो प्रत्येक पातळीवर सक्तीचा करता येईल का ह्याचा विचार करावा.

'विचार करावा' हे दोन शब्द बघा. आपल्या धंद्यात रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये 'मस्ट' लिहायच्या जागी 'शुड' लिहिलं की काय होतं ते वेगळं सांगायला नको. :) पुढची बारा वर्षं तेच झालं. यूजीसी स्वतः शिकवत नाही, ती सांगते आणि पैसे देते. शिकवतात विद्यापीठं, आणि प्रत्येक विद्यापीठाची अभ्यास मंडळं वेगळी, विद्वत सभा वेगळी, वेळापत्रक वेगळं. काही ठिकाणी थोडंफार झालं, बहुतेक ठिकाणी फाईल फिरत राहिली.

मेहता पुन्हा कोर्टात गेले. १८ डिसेंबर २००३ च्या आदेशात कोर्टाचा सूर बदललेला होता. शाळांसाठी एनसीईआरटीने अभ्यासक्रम तयार करून कोर्टापुढे ठेवावा, आणि पदवीसाठी यूजीसीचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सगळ्या शाखांना लागू व्हावा. म्हणजे आता 'मस्ट'.

इथे गोष्ट पुण्यात येते. यूजीसीचा तो अभ्यासक्रम ज्या समितीने आखला तिचे प्रमुख होते डॉ. एरच भरुचा. पेशाने सर्जन, ओढा जंगलाचा. १९९३ मध्ये सुरू झालेल्या भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण आणि संशोधन संस्थेचे ते संचालक होते. यूजीसीसाठी पदवीचं पाठ्यपुस्तकही त्यांनीच लिहिलं आणि ते नेटवर फुकट ठेवलं गेलं. देशभरातल्या झेरॉक्सची गंगोत्री शोधत गेलं तर बऱ्याचदा माणूस ह्या पुस्तकापाशी पोचतो.

अभ्यासक्रमाची रचना अशी होती. आठ युनिट्स, पन्नास तास. नैसर्गिक संसाधनांना ८ तास, परिसंस्थांना ६, जैवविविधतेला ८, प्रदूषणाला ८, 'सामाजिक प्रश्न आणि पर्यावरण'ला ७, लोकसंख्येला ६, सुरुवातीच्या ओळखीला २. आणि आठव्या युनिटला, फील्डवर्कला, ५. मार्क शंभर, त्यातले २५ फील्डवर्कचे.

आता ह्यात 'क्लायमेट चेंज' शोधा. सहाव्या युनिटमध्ये एका ओळीत सापडेल. हवामान बदल, जागतिक तापमानवाढ, आम्लवर्षा, ओझोन थराचा ऱ्हास, अणुअपघात, सगळे एकाच बुलेटमध्ये दाटीवाटीने बसलेले. (सातव्या युनिटमध्ये 'पर्यावरणात माहिती तंत्रज्ञानाची भूमिका' असाही एक बुलेट होता. आपली जात तिथेही हजर!)

आज हे वाचून हसू येतं, पण समितीला दोष देणं सोपं आहे. कोर्टाचा मूळ निकाल १९९१ चा, म्हणजे रिओच्या वसुंधरा परिषदेच्याही आधीचा. तेव्हा पर्यावरण म्हणजे डोळ्यांना दिसणारा धूर आणि नाकाला कळणारं सांडपाणी. हवेतला कार्बन डायऑक्साइड तेव्हा दर दहा लाखांत ३५५ भाग होता. २००३ मध्ये तो ३७६ झाला, २०२४ मध्ये ४२४ च्या वर गेला. हे आकडे ना दिसतात ना त्यांचा वास येतो. ते शिकवावेच लागतात.

आणि शिकवणं म्हणजे काय ह्याचंही एक उदाहरण इतिहासात आहे. १९५८ पासून चार्ल्स कीलिंग हवाईच्या मौना लोआ डोंगरावर हा वायू मोजत होते. त्यांचे ज्येष्ठ सहकारी रॉजर रेव्हेल १९६० च्या दशकात हार्वर्डला शिकवायला गेले आणि त्यांनी तो ताजा आलेख वर्गात दाखवला. वर्गात एक विद्यार्थी होता, अल गोर. २००६ च्या 'ॲन इनकन्व्हिनियंट ट्रूथ' ह्या माहितीपटात गोर शिडीवजा यंत्रावर चढून जो आलेख दाखवतात, त्याचं मूळ त्या वर्गात आहे. हार्वर्डमध्ये तो पेपर कुणावर लादलेला नव्हता. समोर खरा डेटा होता, आणि शिकवणारा माणूस त्या कामात गळ्यापर्यंत बुडालेला होता.

म्हणून सक्ती वाईट असं मला म्हणायचं नाही. ऐच्छिक विषय ज्यांना आधीच गोडी आहे त्यांच्याकडेच जातो. लातूरच्या बी.कॉम.च्या आणि गडचिरोलीच्या बी.ए.च्या मुलापर्यंत विषय न्यायचा तर मेहतांचाच मार्ग लागतो. पण सक्तीबरोबर तयार शिक्षक आले नाहीत, सहलीच्या बसचे पैसे आले नाहीत. बऱ्याच ठिकाणी ह्या पेपरचे मार्क क्लासमध्येही धरत नाहीत, पास झालात की पुरे. मग तो ऑफिसातल्या सक्तीच्या ऑनलाइन ट्रेनिंगसारखा होतो. नेक्स्ट, नेक्स्ट, सर्टिफिकेट.

सगळ्यात मोठं नुकसान झालं ते आठव्या युनिटचं. ते नीट वाचून बघा. जवळची नदी, टेकडी, गवताळ माळ ह्यांची नोंद करा, एखादी प्रदूषित जागा पाहून या, आसपासची झाडं, किडे, पक्षी ओळखा, एखाद्या तळ्याचा अभ्यास करा. तिबिलिसीला जे म्हटलं होतं ते ह्या पाच तासांत येतं. एका सर्जनने आखलेला अभ्यासक्रम आहे, त्याला ठाऊक असणारच की वॉर्डात उभं राहिल्याशिवाय रोग कळत नाही. आपण त्याचं स्पायरल बाइंडिंग केलं.

आणि ह्याच काळात दुसरा एक रस्ता समांतर चालू होता. जेएनयूमध्ये पर्यावरण विज्ञानाची स्वतंत्र शाखा १९७४ मध्ये निघाली. दिल्ली आयआयटीत वातावरण विज्ञानाचं केंद्र १९७९ मध्ये आलं. मुंबई आयआयटीत ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचं 'सितारा' केंद्र १९८५ मध्ये, आणि क्लायमेट स्टडीजचा आंतरशाखीय कार्यक्रम २०१२ मध्ये. पुण्यात तर पाषाणला मान्सूनवर काम करणारी आयआयटीएम आहे, विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा विभाग आहे, आणि शिवाजीनगरला हवामान खात्याचं 'सिमला ऑफिस'. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं म्हणून हे नाव. एका शहरात एवढं सगळं, आणि त्याच शहरातली हजारो मुलं 'तापमानवाढीची कारणे लिहा (५ गुण)' पाठ करतात. सिमला ऑफिसच्या सिग्नलला थांबतात, पण पावसाच्या नोंदी म्हणजे काय ते कुणी दाखवलेलं नसतं. वरचा रस्ता आणि खालचा रस्ता कधी जोडलेच गेले नाहीत.

ह्याची किंमत आता दिसायला लागली आहे. सेबीने २०२२-२३ पासून देशातल्या पहिल्या एक हजार लिस्टेड कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. किती ऊर्जा, किती पाणी, किती उत्सर्जन, सगळं मोजून लिहायचं. ते मोजणारं सॉफ्टवेअर लिहितात आपल्यासारखेच लोक. अशा टीममध्ये 'स्कोप वन म्हणजे काय' हे विचारणारे बहुतेक सगळे पर्यावरणाचा पेपर पास झालेले असतात. संधी आली तेव्हा आपल्याकडे विषयाचं सर्टिफिकेट होतं, विषय नव्हता.

२०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं आणि २०२३ मध्ये यूजीसीने त्यावरून नवा आराखडा काढला. पदवीला पर्यावरणासाठी किमान चार क्रेडिट्स, आणि धोरणातल्या विषयांच्या यादीत पहिलंच नाव हवामान बदलाचं. अर्ध्या बुलेटपासून यादीच्या डोक्यावर, वीस वर्षांत. कागदावर ही मोठी मजल आहे. पण २००३ चा कागदही वाईट नव्हताच. शिकवायला पुन्हा ज्यांचं वर्कलोड कमी भरतंय तेच सर असतील, तर चार क्रेडिटची झेरॉक्स फक्त थोडी जाड होईल.

तुमच्या घरात कुणी सध्या डिग्रीला असेल तर त्याला हा प्रोजेक्ट नेटवरून उतरवू देऊ नका. रविवारी सकाळी त्याला घेऊन जवळच्या नदीवर नाहीतर टेकडीवर जा. दोन तास, एक वही. नाला कुठे मिळतो, पाण्याचा रंग कुठे बदलतो, कुठली झाडं मुद्दाम लावलेली आणि कुठली आपोआप आलेली, एवढं लिहून आणलं तरी आठवं युनिट पूर्ण होतं. पाच तासांपैकी तीन तास उरतात, ते सिमला ऑफिसच्या नोंदींना द्या.