रक्त गाळण्याची गोष्ट

पाडव्याला कडुनिंबाची पानं चावायला लावताना आजी म्हणायची, 'रक्त शुद्ध होतं.' ही कल्पना माणसाला फार आवडते. डॉक्टर तरी तिला कसे अपवाद असतील?

सेप्टिक शॉकमध्ये जंतुसंसर्ग अंगभर भिनतो, रक्तदाब कोसळतो, एकेक अवयव बंद पडतो. मग रक्तातलं विष यंत्रानं गाळून का काढू नये?

गाळणारं यंत्र आलं हॉलंडमधून. देश जर्मनांच्या ताब्यात असताना, १९४३ मध्ये, कांपेन गावी डॉ. विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या वेष्टनाची सेलोफेन नळी लाकडी पिंपावर गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड बनवलं. एकामागून एक रोगी दगावले. सप्टेंबर १९४५ मध्ये मात्र ६७ वर्षांची एक बाई वाचली. ती नाझींची साथीदार म्हणून कैदेत होती. गावाला तिच्याविषयी ममता असण्याचं कारण नव्हतं. कोल्फ यांनी तरीही तिला यंत्राला जोडलं.

रक्तदाब ढासळलेल्या रोग्याला असं डायलिसिस सोसत नसे. १९७७ मध्ये जर्मनीत ग्यॉटिंगेनला डॉ. पीटर क्रॅमर यांची सुई शिरेऐवजी चुकून धमनीत गेली आणि त्यांना सुचलं, की रोग्याच्या हृदयाच्याच जोरावर रक्त सावकाश गाळता येईल!

पण जंतूंचं विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, यातून फारसं निघेना. पॉलिमिक्सिन बी हे प्रतिजैविक त्याला धरून ठेवतं, मात्र ते मूत्रपिंडाला घातक. जपानी संशोधकांनी ते तंतूंना पक्कं चिकटवून नळकांड्यात भरलं आणि रक्त त्यावरून फिरवलं. १९९४ पासून तिथं हा उपचार सुरू झाला. २००९ मध्ये इटलीतल्या ६४ रोग्यांच्या चाचणीत मृत्यू इतके कमी दिसले, की ती मुदतीआधीच थांबवली. माझ्या मते घाईच झाली.

कारण पुढं अमेरिका-कॅनडात ४५० रोग्यांवर चाचणी झाली. निम्म्यांना खरा उपचार, निम्म्यांसाठी यंत्राचं नुसतं सोंग. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नाही, कुणाला काय. २०१८ मध्ये निकाल आला. अठ्ठावीस दिवसांत खऱ्या उपचाराच्या गटातले ३७.७ टक्के दगावले, सोंगाच्या गटातले ३४.५. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. फायदा मात्र दिसला नाही. सेप्सिसमध्ये शरीराचा स्वतःचा प्रतिकारच बेभान होतो, तो एका गाळणीनं कसा आवरावा?

२०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनं हा उपचार न करण्याचं सुचवलं, तेही अपुऱ्या पुराव्यामुळं सौम्य शब्दांत.