दुभाष्याचा हात

रायगडावरच्या राज्याभिषेकाचे चित्र कुणी पाहिले नाही? सिंहासनावर छत्रपती, भोवती अष्टप्रधान आणि एका बाजूस लवून मुजरा करणारा इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन. त्या चित्रात मी मात्र आणखी एक माणूस शोधत असतो. त्याचे नाव नारायण शेणवी, कंपनीचा दुभाषी. ६ जून १६७४ रोजी ऑक्झेंडनने मान लवविली, तेव्हा नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली ती नारायण शेणव्याने. महाराजांचे तिकडे लक्ष गेले आणि त्यांनी या मंडळींना सिंहासनाजवळ बोलाविले. ऑक्झेंडननेच हे लिहून ठेवले आहे.

हा मजकूर मी वाचला तो १९७४ साली, राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, बेळगावच्या वाचनालयात. त्याच वर्षी कोर्टाजवळ एका टंकलेखकाच्या खोलीत अर्धे टेबल भाड्याने घेऊन मी भाषांतराचा धंदा सुरू केला होता.

धंदा जुनाच. गोव्यात पोर्तुगीज सरकारने पदरी दुभाषी बाळगले होते, डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी १९५२ साली अशा मध्यस्थांवर पोर्तुगीज भाषेत ग्रंथच लिहिला. आमच्या भागात मात्र या धंद्याला गिऱ्हाईक पुरविले ते सीमेने. लोकांची जुनी खते मोडीत नाहीतर बाळबोध मराठीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि पुढे कचेरीचा कारभार कानडीत होत गेला. शेत तेच, खत तेच. ते वाचू शकणारा माणूस टेबलापलीकडे उरला नाही. मला मोडी वडिलांनी शिकविली होती आणि कानडी गल्लीने. घरात सीमाप्रश्नाखेरीज दुसरे बोलणे नसे. काकांनी तोंडावर विचारले, "ज्या सीमेने आपल्याला रडवलं, तिच्यावरच तू पोट भरणार?" मजजवळ उत्तर नव्हते.

दुसऱ्या वर्षी हातून चूक झाली. एका शेतकऱ्याचे मोडी खत कानडीत उतरवताना 'मुदतखरेदी' या शब्दातली 'मुदत' गाळली गेली. खरेदी म्हणजे कायमची विक्री. मुदतखरेदीत ठरल्या वेळात पैसे फेडून जमीन परत घेण्याची वाट मोकळी असते. कागद कोर्टात दाखल झाला. वकिलाने त्याचा अर्थ सांगितला तेव्हा त्या शेतकऱ्याची निरक्षर आई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "बाळ, मामंजींनी शेत इकलं न्हवतं. मुदतीवर दिल्यालं."

मी मूळ कागद पुन्हा वाचला. म्हातारीचे खरे होते. त्याच दिवशी प्रतिज्ञापत्र करून चूक कबूल केली आणि दुरुस्त प्रत दाखल केली. त्या कुटुंबाचे पैसे परत केले. पुढे तीन महिने टेबलाकडे कुणी फिरकले नाही.

त्या रिकाम्या दिवसांत नारायण शेणवी पुन्हा वाचला. ऑक्झेंडनच्या आधीच, एप्रिलमध्ये, तो रायगडावर जाऊन बोलणी करून आला होता. पुढे इंग्रजांनी मागितलेल्या कलमांत त्यांचे नाणे स्वराज्यात चालावे असे एक कलम होते. त्यावर मिळालेले उत्तर मोठे नेमके आहे. कोणतेही नाणे चालविण्यास आमची बंदी नाही. पण ज्यात रयतेचे नुकसान ते घेण्याची सक्तीही करता येणार नाही. हे उत्तर 'होय' नव्हे आणि 'नाही'ही नव्हे. दुभाष्याने घाईत यांपैकी एक शब्द उचलला असता, तर नुकसान त्याचे नव्हे, रयतेचे झाले असते. मी गाळलेल्या 'मुदती'चे वजन मला तेथे कळले.

मग मी नियम केला. भाषांतर झाले की एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रतीवर बोट फिरवायचे. त्यासाठी कानडी माध्यमातून शिकलेला एक मुलगा पगारावर ठेवला. वेळ दुप्पट लागे, दर मात्र पानामागे तोच. हळूहळू वकील परत आले. विरुद्ध बाजूचेही येऊ लागले, तेव्हा धंदा उभा राहिला असे मी समजलो.

कोर्टात दुभाषी म्हणून उभे राहायचे तर साक्षीदाराप्रमाणे आपल्यालाही शपथ घ्यावी लागते. १९६९ च्या शपथ कायद्यात तशी तरतूद आहे. साक्षीदार 'मी पाहिले' म्हणाला की आपणही 'मी पाहिले' असेच म्हणायचे. एकदा एका साक्षीदाराने केलेली शिवीगाळ मला भर कोर्टात जशीच्या तशी कानडीत सांगावी लागली. कान तापले, पण शब्द सौम्य केला नाही.

आता मोबाईलवर क्षणात भाषांतर मिळते. मीही ते पाहतो, कधी त्याचा उपयोगही करतो. तरी दाखल करायच्या कागदाखाली कुणाची तरी सही लागतेच, आणि 'मुदत' गळली तर म्हातारी त्या सहीवाल्याच्याच दाराशी येणार.

काका पुढे वीस वर्षांनी दुकानात आले. हातात आजोबांच्या शेताचे खत. "कानडीत नीट उतरव," एवढेच म्हणाले आणि दर विचारून पैसे टेबलावर ठेवले. मी ते घेतले. त्या दिवशी मूळ कागद मी दोनदा मोठ्याने वाचला. काका समोर बसून ऐकत होते.