जालन्याचे मनोरुग्णालय आणि टेंभुर्णीचा हक्क

मराठीत काही गावांची नावे टोमण्यासारखी वापरली जातात. ‘याला येरवड्याला पाठवा’, ‘हा आता ठाण्याला जाणार’ असे कोणी म्हणाले, की अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील आमच्या टेंभुर्णीतही हे बोल ऐकू येतात. येरवडा इथून सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. पण माणसाचे मन बिघडले की त्याला दूर कुठेतरी नेऊन ठेवायचे, ही समजूत भाषेत पक्की मुरली आहे. ती समजूत कशी घडली, कायद्याने ती केव्हा नाकारली आणि तरीही ती का टिकून आहे, हे गावाला मध्यभागी ठेवून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

टेंभुर्णी निजामाच्या राज्यात होती. काही कोसांवर बुलढाणा जिल्हा, म्हणजे वऱ्हाड. तिथे इंग्रजांचा कारभार. इंग्रजी अमलात 1858 मध्ये वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला. नागपूरचे इस्पितळ 1864 चे, रत्नागिरीचे 1886 चे, ठाण्याचे 1901 चे. पुढे 1912 च्या ‘इंडियन लुनसी ॲक्ट’ने नातेवाइकाचा अर्ज, दोन वैद्यकीय दाखले आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम अशी पद्धत घालून दिली. रस्त्यावर भटकणाऱ्याला पोलीसही पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करू शकत. आत कसे घालायचे, याची तपशीलवार तरतूद कायद्यात होती. बाहेर आलेल्याने कुठे आणि कोणाच्या आधाराने जगायचे, हा प्रश्न मात्र कायद्याने आपला मानला नाही.

निजामाच्या राज्यातील इस्पितळाची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हैदराबादच्या तुरुंगात झाली. वेड आणि गुन्हा यांचे नाते त्या काळच्या राज्यकर्त्यांना किती जवळचे वाटत होते, हे त्यावरून दिसते. पुढे हे इस्पितळ जालन्याला आणले गेले. आज मराठवाड्यात फार थोड्यांना ठाऊक असेल, पण एका मोठ्या संस्थानाचे मनोरुग्णालय आपल्या जालन्यात होते. 1953 मध्ये ते हैदराबादजवळच्या एर्रागड्ड्याला हलवण्यात आले. तीनच वर्षांनी, 1956 च्या राज्य पुनर्रचनेत, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि इस्पितळ आंध्र प्रदेशात राहिले. त्यानंतर महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये राहिली. त्यांतले एकही मराठवाड्यात नव्हते.

या अंतराची किंमत घरच्यांनी मोजली. तीनशे किलोमीटर प्रवास, एस.टी.चे भाडे, बुडालेली मजुरी. पहिल्या वर्षी भेट होते, मग दिवाळीपुरती, मग तीही नाही. नातेवाइकांनी टाकून दिले, असे आपण सहज म्हणतो; पण अंतराने किती नाती तोडली, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

वेगळी वाट दिसत नव्हती असे नाही. 1982 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच दशकात कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात बंगळुरूच्या ‘निमहान्स’ने प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच मनोविकारांवर उपचार करून दाखवले. त्या धर्तीवर 1996 पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. तरी 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडीच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडाने बांधलेली 28 माणसे मेली. तेव्हा देश हादरला.

बाहेरच्या जगातही विचार बदलत होता. 1999 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जिया राज्यातील दोन महिलांच्या खटल्यात, समाजात राहू शकणाऱ्या अपंग व्यक्तीला विनाकारण संस्थेत ठेवणे हा भेदभाव आहे, असे ठरवले. 2006 च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला; भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी त्याला मान्यता दिली. त्यातूनच आपला 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आला. त्याने 21 प्रकारच्या अपंगत्वांत मनोविकारही धरला, आणि पाचव्या कलमात समाजात राहण्याचा हक्क दिला.

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आणखी स्पष्ट आहे. कलम 19 सांगते, की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा गावात सोय नाही, एवढ्या कारणाने कोणालाही संस्थेत ठेवता येणार नाही. कलम 18 म्हणते, की उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये आणि संस्थेतला दीर्घ मुक्काम हा शेवटचाच उपाय असावा. टेंभुर्णीच्या माणसाला ‘लांबचा प्रवास’ या शब्दांचा अर्थ वकिलाकडून समजून घ्यावा लागत नाही.

तरीही 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राला सांगावे लागले, की मनोरुग्णालयातील रुग्णांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवणे थांबवा. पुढे डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेमुळे, दहा वर्षांहून अधिक काळ मनोरुग्णालयांत राहिलेल्या शेकडो माणसांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. बरे झालेले, पण जायला जागा नसलेले लोकही त्यांत होते.

आता राज्य सरकारने जालन्यात 365 खाटांच्या मनोरुग्णालयाला मान्यता दिली आहे. मराठवाड्यावरचा अन्याय दूर होतो, म्हणून मला त्याचे स्वागतच करावेसे वाटते. तीव्र आजारात खाट हवीच, आणि ती जवळ हवी. पण नुसते अंतर कमी झाले, तर ‘येरवड्याला पाठवा’च्या जागी ‘जालन्याला पाठवा’ एवढाच बदल होईल. कायद्याने मागितले आहे ते वेगळे: प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याला न चुकता मिळणारी औषधे, आशाताईंना प्रशिक्षण, तालुक्यालाच मिळणारे अपंगत्वाचे प्रमाणपत्र, संजय गांधी निराधार योजनेचे वेळेवर येणारे पैसे, आणि ज्यांना घर उरलेले नाही त्यांच्यासाठी गावातल्या किंवा तालुक्यातल्या वस्तीतच लहानशी निवासाची सोय. यातले काहीच 365 खाटांच्या इमारतीत बसत नाही. त्यासाठी वेगळी तरतूद लागते आणि ती मागावी लागते.

या मागण्या ग्रामसभेतही मांडता येतील. टेंभुर्णीच्या ग्रामसभेत रस्ता, पाणी, पीकविमा यांवर तासन्‌तास बोलले जाते. त्याच यादीत या औषधांचा विषय लिहून घ्यायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.