पाटीवरचे नाव आणि तोंडचे नाव

मंडळी, दारावरची पाटी एका दिवसात बदलते. नाव मनात रुजायला मात्र काळ जावा लागतो. कोल्हापूरचेच पाहा ना. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदानालगत बांधलेले नाट्यगृह १९१५ साली पुरे झाले, ते 'पॅलेस थिएटर' म्हणून. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि १९५७ साली त्याच वास्तूला संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचे नाव मिळाले. राजवाड्याच्या जागी नट आला! नट तरी कसा? पोरवयात नाटक कंपनीत शिरलेला, 'शारदे'च्या भूमिकेने गाजलेला, १९०८ साली 'ललितकलादर्श' काढणारा आणि १९२१ साली, वयाची एकतीस वर्षे होतात न होतात तोच, गेलेला.

लोकांनी हे नाव आपले मानले का? ८ ऑगस्ट २०२४ ला, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, नाट्यगृहाला आग लागली. कलावंत, रसिक धावले. कित्येकांना रडू आवरेना. 'होते तसेच पुन्हा उभारा,' हीच मागणी झाली. आपले माणूस गेल्यासारखे ते दुःख होते.

गुरुजी, तुमच्या गावच्या चौकाला, वाचनालयाला कुणाचे नाव आहे, हे मुलांना एकदा विचारा. उत्तर आले नाही, तर त्या माणसाची गोष्ट सांगायची राहिली आहे, असे समजा.