पाठीवरचं पोतं

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादकडे कपाशी वेचणारी बाई झोळीसारखा ओटा बांधून दिवसभर कमरेत वाकलेली असते; जालन्याच्या मोंढ्यात हमाल पोत्याखाली. वाकून वाकून स्नायू आखडतात. ओझ्याने मणक्यांमधली गादी सरकली, तर कळ थेट पोटरीत उतरते.

अशा कळेमागे, म्हणजे सायटिकामागे, ही सरकलेली गादी असू शकते, हे अमेरिकेत मिक्स्टर आणि बार या शल्यचिकित्सकांनी १९३४ साली दाखवलं. आपल्याकडे म्हणत, 'चमक भरली', आणि विटेने शेकत.

१९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पुरुषाने उचलायच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली. महाराष्ट्रात कामगार नेते अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून हमालांसाठी १९६९चा माथाडी कायदा आला. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत त्याआधीपासून झगडत होती. तरी क्विंटलभराची पोती पुढेही पाठीवर चढतच राहिली.

शेतातली वेचणी मात्र त्या कायद्याबाहेरच. तिची मजुरी किलोवर ठरते.